बागेत बसून रंगांचा शेजार टिपताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. म्हापशात राहणारी, नोकरी सांभाळून ॲक्रिलिकमध्ये चित्रं काढणारी एक व्यक्ती विचारते आहे, की बहिणीच्या नव्या घरासाठी ३ फूट बाय ४ फुटांचं, फुलांचं, भरपूर रंगांचं चित्र करायचं आहे. त्यासाठी तीन रविवार पणजीच्या म्युनिसिपल बागेत जाऊन झाले. फोनमध्ये पन्नास-साठ फोटो जमले. पण घरी येऊन कॅनव्हाससमोर बसलं की काही सुचत नाही, आणि जे दोन प्रयत्न केले ते कॅलेंडरवरच्या चित्रासारखे झाले. तर प्रेरणेसाठी आणखी कुठल्या बागेत जावं? आणि फोटोवरून चित्र काढलं तर चालतं का?

मी फोंड्याची. गेली २६ वर्षं मुख्यतः फुलांचीच चित्रं करते आहे. लहान कामं जलरंगात, मोठी ॲक्रिलिकमध्ये, मधली काही वर्षं टाइल्सवरही केली. माझ्या वर्गातली मुलं हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, दुसरी बाग शोधू नका. पणजीची बाग पुरेशी आहे. खरं म्हणजे तिचा एक कोपरा पुरेसा आहे. तुमच्या लिहिण्यावरून मला असं दिसतं, की तुम्हाला तिथं सगळंच आवडलं. बोगनवेल आवडली, कर्दळ आवडली, चाफा आवडला आणि सगळ्यांचे फोटो घेतले. सगळंच आवडलं की हात कशालाच लागत नाही. आणि दुसरं, जे जास्त महत्त्वाचं आहे: तुम्ही घरी फुलं आणलीत, पण त्यांचा शेजार बागेतच राहिला. राणी रंगाची बोगनवेल चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर एक दिसते, आंब्याच्या काळपट सावलीसमोर दुसरी दिसते, आणि भर दुपारच्या आभाळासमोर तर अगदी फिकी पडते. वेल तीच असते. बागेत चालताना तुम्ही ज्या जागी थबकलात, तिथं दोन-तीन रंग एकमेकांना भेटले होते. त्यातलं एक फूल तेवढं उचलून पांढऱ्या कॅनव्हासच्या मधोमध ठेवलं की त्याचं कॅलेंडर होणारच, कारण ज्यांच्यामुळे ते पेटलं होतं ते शेजारी गायब झालेले असतात.

तेव्हा प्रश्न प्रेरणेचा कमी आणि टिपण्याचा जास्त आहे. बागेतून नेमकं काय टिपून आणायचं, एवढंच ठरवायचं आहे.

मी सांगते आहे ते सगळ्यांना सारखं लागू पडणार नाही, हेही आधीच सांगायला हवं. तुम्हाला वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात शोभेल असं अचूक चित्र करायचं असतं, तर मी म्हटलं असतं की एकच डहाळी घ्या, भिंग घ्या, पाकळ्या मोजा, पान देठाला कसं जोडलंय ते बघा, शेजाराचा विचारच करू नका. शुभेच्छापत्रं किंवा कापडावरची छपाई करायची असती तर आकारांच्या पुनरावृत्तीबद्दल बोलले असते. जलरंगात काम करणाऱ्याला उजेड कागदातच राखून ठेवावा लागतो, तुम्हाला ॲक्रिलिकमध्ये तो नंतरही चढवता येतो. त्यामुळे घाईचं गणितही बदलतं. तुमचं चित्र भिंतीवर लागणार आहे, लांबून बघितलं जाणार आहे, आणि त्यात तुम्हाला रंग हवा आहे. पुढचं सगळं तेवढ्यापुरतं.

आता मी काय करते ते सांगते. बागेत गेले की पहिली वीस मिनिटं पिशवी उघडत नाही. एक चक्कर मारते आणि कुठे पाय अडखळला ते लक्षात ठेवते. मग दुसरी चक्कर. दुसऱ्या वेळीही त्याच जागी अडखळले तर तिथंच बसायचं. जागा सुंदर आहे की नाही याचा विचार करत नाही. खुर्ची किंवा बाक असा बघते की पाठीशी भिंत किंवा कुंपण येईल, म्हणजे लोक मागे उभे राहून बघत नाहीत. पणजीच्या बागेत रविवारी गर्दी असते, तुम्ही सुट्टीच्या दिवशीच जाणार, म्हणून हे महत्त्वाचं.

बसल्यावर पुठ्ठ्याची चौकट काढते. जुन्या वहीच्या कव्हरला मधोमध २ इंच बाय ३ इंचांची खिडकी कापली की झालं. ती डोळ्यांसमोर धरायची, जवळ-लांब करायची, आणि एक डोळा मिटून बघायचं. चौकटीत जे येईल त्यात तीन ते पाच रंगच शिल्लक राहतील इतकी ती जवळ किंवा लांब न्या. मग डोळे किलकिले करा. पाकळ्या, शिरा, कडा सगळं विरघळतं आणि रंगांचे ढोबळ तुकडे उरतात. हे तुकडे म्हणजे तुमचा ऐवज. वहीच्या पानावर फुलाचा आकार न काढता हे तुकडे पट्ट्यांसारखे शेजारी शेजारी लावायचे, आणि बागेत जो रंग जेवढा होता तेवढीच जाड पट्टी करायची. जाडीकडे नीट लक्ष द्या. लाल एक बोटभर आणि हिरवा पाच बोटं असेल तर तसंच उतरू द्या. नवशिके इथंच चुकतात. लाल आवडला म्हणून तो पानभर करतात.

पट्टीशेजारी मी शब्दही लिहिते. आणि ते साडीच्या दुकानातले शब्द असतात: डाळिंबी, आमसुली, चिंतामणी, शेवाळी, मोतिया, गुलबक्षी. ‘लाल’ लिहून घरी काही कळत नाही. ‘आमसुली, पण उन्हाच्या बाजूला शेंदरी कड’ असं लिहिलं तर महिन्याभरानंही तो रंग कालवता येतो. ज्या बागेत तुम्ही बसता तिला गार्सिया द ऑर्ता या सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज वैद्याचं नाव आहे. १५६३ साली गोव्यात छापल्या गेलेल्या त्याच्या ग्रंथात इथल्या औषधी वनस्पतींची संवादरूपानं माहिती आहे. त्यात चित्रं नाहीत. झाडं शब्दांनी उभी केली आहेत. मला त्या बागेत बसून रंगाचे शब्द लिहिताना नेहमी याची आठवण होते. नेमका शब्द शोधायला गेलं की माणूस नेमकं बघायला लागतो.

एक उदाहरण अगदी जवळून दाखवते. आमच्या वाड्यावर चिऱ्यांचा, म्हणजे जांभ्या दगडांचा, गडगा (कुंपणाची भिंत) आहे, त्याच्यापुढे साधी तांबडी जास्वंद, म्हणजे आमची दसणी. वर्षानुवर्षं तिच्या बाजूनं ये-जा केली आणि कधी काढावीशी वाटली नाही. एकदा सप्टेंबरात पाऊस नुकताच थांबला होता, गडगा ओला होता. कोरडा चिरा फिका तांबूस-पिवळट दिसतो, पण ओला झाला की गर्द होतो, जवळजवळ काळपट आमसुली. त्याच्यासमोर जास्वंद होती. लालावर लाल. ती उठून दिसायला नको होती, पण दिसत होती, कारण दोन्ही लाल एका घरातले असूनही एकात पिवळेपणा होता आणि दुसऱ्यात जांभळेपणा. गडग्याच्या खाचांत पोपटी शेवाळ. मी पाच पट्ट्या लावल्या: आमसुली सर्वांत रुंद, मग गर्द हिरवा, मग जास्वंदीचा लाल, पोपटीची बारीक रेघ, आणि परागदांड्याच्या टोकाचा पिवळा एक ठिपका. त्या पाच पट्ट्यांवरून पुढच्या वर्षभरात मी सात चित्रं केली. त्यातल्या दोनच चित्रांत जास्वंद आहे. बाकीच्यांत कुठे अबोली आहे, कुठे कर्दळ, पण रंगांचा शेजार तोच आहे.

हे जमलं की ‘काही सुचत नाही’ ही तक्रार राहत नाही, कारण तुम्ही कॅनव्हाससमोर रिकाम्या हातानं बसत नाही. पाच रंग आणि त्यांची प्रमाणं हातात असतात.

आता हिरव्याबद्दल, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे. तुमचे दोन प्रयत्न बिघडले ते बहुधा हिरव्यामुळे. फुलांच्या कुठल्याही बागेत डोळ्यांसमोर तीन-चतुर्थांश हिरवंच असतं, आणि आपण मात्र सगळा जीव फुलात ओततो आणि पानांना ट्यूबमधला एकच हिरवा फासतो. ट्यूबमधला कच्चा हिरवा, विशेषतः थॅलो ग्रीन नावाचा निळसर हिरवा, इतका तेज असतो की त्याच्यापुढे लाल आणि गुलाबी दोघेही आरडाओरडा करायला लागतात. गोव्यातला हिरवा तर आणखी अवघड, कारण पावसानंतर सगळं एकदम हिरवं होतं आणि लांबून बघणाऱ्याला ते एकच वाटतं. बसून बघा. आंब्याचं जुनं पान निळसर काळपट असतं, वरून आभाळ पडलं की चकाकीनं पांढुरकं दिसतं. आंब्याचीच कोवळी पालवी तांबूस. केळीचं पान उजेड आरपार आला की पिवळं-पोपटी. चाफ्याचं पान मंद, भुरकट. गवत उन्हात जवळजवळ पिवळं.

मी हिरवा कधीच एकटा वापरत नाही. फुलात जो लाल किंवा गुलाबी वापरला असेल तोच थोडा हिरव्यात मिसळते. थॅलो ग्रीनमध्ये क्विनाक्रिडोन नावाच्या रंगद्रव्याचा गुलाबी किंवा किरमिजी मिसळत गेलात तर आधी तो शांत होतो, मग करडा होतो, आणि दोन्ही घट्ट असतील तर सुंदर गर्द काळा मिळतो, ट्यूबमधल्या काळ्यापेक्षा कितीतरी जिवंत. फुलाचाच रंग पानात मिसळल्यामुळे सगळं चित्र एका घरचं वाटतं. घरी एक कागद घ्या, एका टोकाला कच्चा हिरवा, दुसऱ्या टोकाला तुमच्या फुलाचा लाल, आणि मध्ये आठ-नऊ पायऱ्या करा. ती पट्टी कॅनव्हासशेजारी लावून ठेवा. पानांसाठी फक्त मधल्या पायऱ्या वापरायच्या आणि टोकाचा कच्चा हिरवा एखाद्या कोवळ्या पानापुरता राखायचा. एवढं एक केलंत तरी कॅलेंडरपणा अर्धा जाईल.

फुलांचा आकार बघताना मात्र एक सावधगिरी. जवळजवळ प्रत्येक सार्वजनिक बागेत कर्दळीचा एक वाफा असतो, आणि मुलं तिच्या पाकळ्या गुलाबासारख्या किंवा लिलीसारख्या गोलाकार मांडायला जातात. ते जमत नाही, आणि त्यांना वाटतं आपला हात कच्चा आहे. कर्दळीत जे रंगीत फडफडतं ते बहुतेक पाकळ्या नसतातच. ते रूप बदललेले पुंकेसर असतात. त्यामुळे तिला जास्वंदीसारखी नीट पाच बाजूंची रचना नसते. ती वाऱ्यावर वाळत घातलेल्या ओल्या रुमालासारखी दिसते आणि तशीच काढायला हवी. बोगनवेलीचंही तसंच. राणी रंगाची ती तीन पानं म्हणजे फुलाभोवतीची सहपत्रं, खरं फूल आतलं इवलंसं फिकट नळकांडं. हे कळलं की बोगनवेल फुलासारखी न काढता रंगीत पालवीसारखी काढता येते, एकावर एक कागदाचे तुकडे पडल्यासारखी, आणि मधूनमधून ते मोतिया ठिपके दिले की ती ओळखू येते.

वेळेचं सांगते. गोव्यात सकाळी साडेसात ते साडेनऊ, आणि संध्याकाळी साडेचार ते सहा. दुपारी ऊन डोक्यावर आलं की पाकळीवर वरून पडलेला उजेड परततो आणि रंग धुतल्यासारखा दिसतो. सकाळी सूर्य खाली असतो, तेव्हा फुलाच्या मागे सूर्य येईल अशा बाजूला बसा. उजेड पाकळीच्या आरपार येतो, म्हणजे तो पाकळीतल्या रंगातून गाळून येतो, म्हणून कर्दळ किंवा जास्वंद आतून दिवा लावल्यासारखी पेटते. अगदी उशिरा, दिवेलागणीला, एक गंमत बघायला मिळते: लाल फुलं काळवंडतात आणि निळी-पांढरी वर येतात. मंद उजेडात आपला डोळाच तांबड्याला कमी आणि निळ्या-हिरव्याला जास्त दाद देतो. त्या दहा मिनिटांत जास्वंद जवळजवळ काळी होते आणि गोकर्ण, चाफा, अनंत तरंगायला लागतात. मी या उजेडात पट्ट्या लावत नाही, कारण वहीतला रंगच दिसत नाही. फक्त शब्द लिहून घेते. रात्रीच्या बागेचं चित्र करायचं असेल तर तोच खजिना आहे.

पांढऱ्या फुलांना घाबरू नका. चाफ्याची पाकळी पांढरी म्हणून ट्यूबमधला पांढरा लावला की ती खडूसारखी मेलेली दिसते. सावलीतल्या बाजूला बघा: वरून आभाळाचा निळसर, खालून गवताचा पोपटी, आणि देठाकडे पिवळा उजेड पसरलेला. चाफ्याच्या फुलात शुद्ध पांढरा तर नखाएवढा असतो.

आणि एखादं झाड स्वतःच रंगांची जुळणी करून देतं, ती सोडू नका. मधुमालतीचं फूल संध्याकाळी उमलताना पांढरं असतं, मग गुलाबी होतं, मग गर्द लाल. एकाच घोसात तिन्ही वयांची फुलं लोंबतात. घाणेरीच्या गोल गुच्छात आतली नवी फुलं पिवळी आणि बाहेरची जुनी शेंदरी किंवा गुलाबी. अशा एकाच घोसावर मोठं चित्र उभं राहतं, कारण त्यातले रंग एकाच फुलाच्या वयाचे चढउतार असतात आणि आपसांत भांडत नाहीत.

फोटोचा प्रश्न. फोटो काढा, पण त्याच्याकडून आकार मागा, रंग मागू नका. फोनला तांबडं आणि राणी रंग नीट झेपत नाहीत. उन्हातल्या लाल जास्वंदीच्या फोटोत पाकळीचा एकसारखा सपाट डाग होतो, आतल्या शिरा, घड्या, सावल्या गडप होतात. शिवाय फोन आपणहून रंग भडक करतो, आणि तो भडकपणा तुम्ही प्रामाणिकपणे कॅनव्हासवर उतरवता. फोटो घेताना पडद्यावर बोट ठेवून उजेड थोडा कमी करा, म्हणजे लालातला तपशील राहतो. आणि वहीतली ओली पट्टी फुलाशेजारी धरून एक फोटो घ्या. नंतर घरी कळतं की फोन किती खोटं बोलतोय. माझा स्वतःचा नियम असा आहे: ज्या जागेची वहीत पट्टी नाही, त्या जागेचा फोटो वापरायचा नाही. तुमच्याकडचे पन्नास-साठ फोटो आत्ता बाजूला ठेवा, पुसू मात्र नका. एका जागी तीन-चार वेळा बसून झाल्यावर त्यातले चार-पाच कामी येतील.

रंगांच्या खरेदीत मी एकदा फार वाईट पोळले, ते सांगायलाच हवं. सुरुवातीच्या काळात एका गेस्टहाउससाठी, खिडकीसमोरच्या भिंतीवर बोगनवेलीचं मोठं चित्र केलं. बोगनवेलीचा तो लखलखीत गुलाबी मला कुठल्याच ट्यूबमध्ये मिळेना, शेवटी एक फ्लुरोसंट गुलाबी मिळाला आणि मी सगळं चित्र त्यावर उभं केलं. लावलं त्या दिवशी लोक थांबून बघत होते. दीड वर्षानं गेले तेव्हा वेल राखाडी-पिवळट झाली होती आणि पानं मात्र होती तशीच. मी पैसे परत केले आणि चित्र पुन्हा केलं. ते रंग उजेडात टिकत नाहीत, हे मला ट्यूबवर वाचता आलं असतं. तेव्हापासून नावावर जात नाही. ‘ओपेरा’, ‘ब्रिलियंट’, ‘रोझ’ काहीही लिहिलेलं असो, मागच्या बाजूला रंगद्रव्याचा क्रमांक बघते. गुलाबी आणि राणी रंगासाठी पीव्ही १९ आणि पीआर १२२, हे दोन क्विनाक्रिडोन, टिकाऊ आहेत. लालासाठी पीआर २५४. क्रमांक छापलेलाच नसेल तर तो रंग सरावाला ठेवा, बहिणीच्या भिंतीला नको. आणि फ्लुरोसंटची चमक तुम्हाला हवीच असेल तर ती शेजारातून मिळवा: साध्या क्विनाक्रिडोन गुलाबीला करड्या, थंड हिरव्याच्या मधोमध ठेवा, तो आपोआप पेटतो.

मोठ्या चित्रासाठी फूल सोपं करावं लागतं, आणि ते शिकायला गोव्यात बागेइतकीच दुसऱ्या जागांनीही मला मदत केली आहे. देवळांच्या भिंतींवरची कावी बघा. ओल्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर आणि टोकदार सळईनं खरवडून काढलेला चुन्याचा पांढरा, एवढ्या दोनच रंगांत वेली, कळ्या, कमळं. तिथं रंगांची श्रीमंती नाही, म्हणून मधल्या रिकाम्या जागेचा आकार फुलाइतकाच विचारपूर्वक केलेला दिसतो. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस असिसीच्या चर्चमध्ये आतल्या भिंतींवर रंगवलेली फुलांची नक्षी आहे; ती खालून, लांबून वाचता यावी म्हणून पाकळ्या किती कमी रेषांत बसवल्या आहेत ते उभं राहून मोजा. आणि मंगेशीच्या वाटेवर किंवा पणजीच्या मार्केटात अबोलीच्या वेण्या विकणाऱ्या बायकांचे हात बघा. मी एकदा बराच वेळ एकीच्या शेजारी बसले होते. अबोलीचा नारिंगी ती सलग कधीच जाऊ देत नव्हती. ठरावीक अंतरानं हिरवं पान, आणि क्वचित एखादी पांढरी कळी. मी विचारलं, पांढरं जास्त का नाही घालत? ती म्हणाली, “मग अबोली कोण बघेल बाई?” प्रमाणाबद्दल इतकं स्पष्ट मला कुणी शिकवलेलं नाही.

ऋतूंचं थोडक्यात. मार्च ते मे बहावा, गुलमोहर, तामण आणि निष्पर्ण फांदीवरचा चाफा. बोगनवेलही कोरड्या दिवसांतच पेटते. पावसात रंग फुलांत कमी आणि ओल्या खोडांत, शेवाळात, चिऱ्यांत जास्त. दिवाळीनंतर झेंडू, शेवंती, आणि बागांच्या वाफ्यांतली हंगामी फुलं. पावसाळ्यात जलरंगाची वही प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. आपल्या दमटपणात कागदाला दिलेली खळ खराब होते आणि रंग टीपकागदावर पडल्यासारखा आत शोषला जातो.

बागेत फुलं तोडू नका, हे सांगायला नको. गळलेला चाफा, बकुळ, गुलमोहराच्या पाकळ्या उचलायला कुणी हरकत घेत नाही, आणि मधली वेगळी, पांढरट, लाल ठिपक्यांची पाकळी हातात घेऊन बघितल्याशिवाय गुलमोहर कळतही नाही. रंगाचं पाणी वाफ्यात ओतू नका, बाटलीत भरून घरी आणा. इझल उभं करायचं असेल तर आधी राखणदाराला विचारा. माळीकाकांशी ओळख ठेवा. पाणी कधी घालतात, छाटणी कधी करतात ते त्यांना माहीत. माझं अर्धवट राहिलेलं एक काम छाटणीत गेलं आहे, म्हणून सांगते.

आता तुमच्या चित्रापुरतं. येत्या तीन रविवारी त्याच बागेत, त्याच बाकावर, त्याच वेळी जा. कॅनव्हास नको, छोटी वही आणि सात-आठ रंग. दर वेळी चार पट्ट्या. तिसऱ्या रविवारी तुमच्याकडे बारा पट्ट्या असतील, त्यातली एक तुम्हाला राहून राहून बघावीशी वाटेल. तीच घ्या. माझ्या मोठ्या कामांत शांत हिरवे आणि गर्द रंग निम्म्याहून जास्त असतात, मुख्य फुलाचा रंग साधारण पाव भाग, आणि सर्वांत तेज रंग तळहाताएवढ्या जागेत. चार फुटांच्या चित्रात जास्वंद खऱ्या आकाराची काढलीत तर दहा फुटांवरून ती टिकलीसारखी दिसेल. एक-दोन फुलं फूटभर मोठी करा, बाकीची नुसती रंगाचे डाग राहू देत.

आणि कॅनव्हासला हात लावण्याआधी ती निवडलेली पट्टी मोठ्या कागदावर, वहीएवढी रंगवून बहिणीकडे न्या. जिथं चित्र लागणार त्याच भिंतीवर टेपनं चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. सकाळी बघा, दुपारी खिडकीतून झोत येतो तेव्हा बघा, आणि रात्री त्यांच्या दिव्यात बघा. दिवा पिवळा असेल तर थंड गुलाबी आणि निळसर हिरवे दोन्ही मातकट होतात, लाल-नारिंगी मात्र खुलतात. तसं दिसलं तर गुलाबीत थोडा लाल वाढवून पट्टी पुन्हा करा आणि पुन्हा चिकटवा. भिंत पिवळसर असेल तर कॅनव्हासच्या कडेला गर्द हिरवा येऊ द्या, पांढरी असेल तर कडा मोकळ्या सोडल्या तरी चालतील. बहिणीला त्या दोन दिवसांत काही विचारू नका; जाता-येता ती कुठल्या रंगापाशी थांबते तेवढं बघा.